कोरा रकाना म्हणजे शून्य पाऊस नव्हे



आवणी उरकली, चिखलातून पाय बाहेर आले, म्हणून आज जरा निवांत लिहायला बसलोय. विषय भाताचा आणि पावसाचा आहे, पण मध्ये कॉम्प्युटरही येणार आहे. घाबरून पुढे सरकू नका. मी स्वतः दहावी पास माणूस. मला जेवढं कळलं तेवढंच सांगणार. कृषी पदवीधर मंडळी वाचत असतील त्यांनी चुकलं तर कान धरावा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या आधीचा आठवडा. दीड एकरातलं हळवं भात कापून शेतातच वाळत टाकलं होतं. मंगळवारी संध्याकाळी माहुलीच्या बाजूने आभाळ काळं झालं. रात्री आठला जो पाऊस सुरू झाला तो साडेबारापर्यंत. सकाळी बॅटरी घेऊन गेलो तर खाचरात पाणी भरलेलं आणि कापलेलं भात त्यात तरंगतंय. बांध फोडून पाणी काढलं, पण ऊन पडलं नाही. चौथ्या दिवशी लोंबीतच दाण्याला मोड आले. पेंढा कुजला तो वेगळा. म्हणजे माणसांचं गेलं आणि गुरांचंही गेलं.

रीतसर अर्ज केला. ज्या कार्यालयात गेलो तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी विचारलं, सगळं नीट केलं. मग एक प्रिंट पुढे केली आणि म्हणाले, "काका, तुमच्या मंडळात त्या तारखेला पाऊस शून्य आहे. मी काय करू?" मी पाहिलं. तारीख मंगळवारची, पुढे ०. माझ्या शेतात गुडघाभर पाणी आणि कागदावर शून्य. भांडून उपयोग नव्हता. माझ्याकडे आकडा नव्हता, त्यांच्याकडे होता. घरी आलो. मदत मिळाली नाही.

हे रडगाणं गायला आज बसलेलो नाही. त्या शून्यामागे काय काय असू शकतं हे मला नंतरच्या दोन पावसाळ्यांत कळलं, ते सांगायचंय. आणि त्यावरून माझं जे मत झालं तेही.

आधी आकड्याची किंमत काय ते बघू. आपल्या राज्यात अतिवृष्टी धरायची ती महसूल मंडळातल्या नोंदीवर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस नोंदला गेला की ते मंडळ अतिवृष्टीत धरतात. ६५ म्हणजे किती? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकराचे साधारण ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे ६५ मिलिमीटरला एकरावर दोन लाख साठ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर एका एकरात रिकामे केल्यासारखं. एवढं पाणी पडलं की नाही, हे एका रकान्यातला एक आकडा ठरवतो. तो आकडा आपण बघत नाही, जपत नाही. साताबारा जपतो, फेरफार जपतो, आजोबांच्या वेळची पावती जपतो. पावसाचा आकडा मात्र व्हॉट्सॲपवर आला, बघितला, गेला.

आता आकडे नाहीत असं म्हणायला जागा नाही. २०१७ पासून महावेध प्रकल्पात राज्यभर मंडळांमध्ये दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा सगळं मोजतात. हवामान खात्याच्या वेधशाळा आहेत. कृषी विभागाचं महारेन आहे. आणि आमच्या शेजारून वाहणाऱ्या तानसेचंच उदाहरण घ्या. वर तानसा धरण, १८९२ सालचं, मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेलं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत किती साठा झाला ते पावसाळ्यात रोज सकाळी जाहीर होतं, पेपरात छापून येतं. एकूण क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, हा आकडा मुंबईतल्या शाळकरी पोरालाही माहीत असेल. का? कारण तो आकडा रोज कोणीतरी मागतं. आपल्या मंडळाचा आकडा कोण मागतं? नुकसान झाल्यावर आपण मागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

तर त्या प्रकारानंतर मी धाकटीला म्हटलं, "पोरी, तू कॉम्प्युटर शिकतेस ना? मला रोजचा पाऊस वहीत उतरवून देणारं काही कर." ती म्हणाली, "बाबा, वेबसाईटवर आहे की. रोज बघायचं आणि लिहायचं." मी म्हटलं, "आवणीच्या दिवसांत मी आंघोळ करायला विसरतो, वेबसाईट कुठली बघतोय?" दोन दिवसांनी तिने पायथॉन नावाच्या भाषेत चाळीसेक ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. जुन्या लॅपटॉपवर रोज सकाळी दहाला तो आपोआप चालतो. पान उघडतो, आमच्या आणि आजूबाजूच्या मंडळांचे आकडे उचलतो आणि एका फाईलमध्ये खाली नवीन ओळ जोडतो. पैसा एक लागला नाही. पायथॉन फुकट, त्याची साधनंही फुकट.

इंग्रजीत याला स्क्रेपिंग म्हणतात. म्हणजे खरवडणं. टोपाच्या बुडाला लागलेलं भात आपण खरवडून काढतो ना, तसं. पण मला ते उफणण्यासारखं जास्त वाटलं. वेबपान आपल्याला दिसतं तसं आत नसतं. आत नुसत्या खुणांचा पेंढा असतो. इथे तक्ता सुरू, इथे ओळ सुरू, इथे रकाना सुरू, इथे संपला. मध्ये कुठेतरी दाणा, म्हणजे आपला आकडा. प्रोग्रामचं एक साधन, रिक्वेस्ट्स, ते पान मागवून घेतं. दुसरं, ब्यूटिफुलसूप, खुणांचा पेंढा बाजूला करून दाणा काढतं. तिसरं, पांडाज, ते दाणे तक्त्यात मांडतं. बस. यात जादू काही नाही.

ज्याला एवढंही नको असेल त्याच्यासाठी गूगल शीटमध्ये इम्पोर्टएचटीएमएल नावाचं सूत्र आहे. पानाचा पत्ता आणि कितवा तक्ता ते लिहिलं की साधा तक्ता शीटमध्ये येतो. फक्त लक्षात ठेवा, ते सूत्र आजचं दाखवतं, कालचं साठवत नाही. आलेले आकडे रोज दुसऱ्या पानावर चिकटवायला लागतात, नाहीतर उद्या पुसले जातात.

आता चुकांकडे येतो. त्याच खऱ्या शिकवणाऱ्या आहेत.

पहिली चूक. पहिल्याच जूनमध्ये फाईलमध्ये आमच्या मंडळाचा पाऊस रोज नव्वदच्या वर यायला लागला. ९१, ९३, ९०. इकडे धूळवाफेतली पेर पावसाची वाट बघतेय आणि कागदावर महापूर. धाकटीने बघितलं तर पान करणाऱ्यांनी तक्त्यात मध्ये एक रकाना वाढवला होता. आमचा प्रोग्राम चौथा रकाना उचलत होता आणि चौथ्या जागी आता आर्द्रता आली होती. मग तिने रकान्याचा नंबर सोडून वरचं नाव वाचून आकडा उचलायचं केलं. नाव सापडलं नाही तर प्रोग्राम थांबतो आणि सांगतो, अंदाजाने काही भरत नाही.

दुसरी चूक तारखेची. ही मला फार लागली. हवामान खात्याच्या पद्धतीत पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत जो पाऊस पडला, तो आजच्या तारखेला लिहितात. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस आठवतो ना? सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. सगळी दुनिया त्याला सव्वीस जुलै म्हणते, पण ती मोजणी २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांची आहे. आता माझं बघा. माझ्याकडे पाऊस पडला मंगळवारी रात्री आठ ते साडेबारा. मी अर्जात मंगळवार लिहिला. साहेबांनी मंगळवारचीच ओळ काढली. त्या रीतीने तो पाऊस बुधवारच्या ओळीत असायला हवा होता. बुधवारची ओळ मीही मागितली नाही आणि त्यांनीही दाखवली नाही. हे मला कळलं तेव्हा रात्री झोप आली नाही, खरं सांगतो.

तिसरी चूक सगळ्यात मोठी आणि तीच या लेखाचं मूळ. मागच्या वर्षी जुलैत चार दिवस पाऊस हटला नाही. तानसेचं पाणी काठाला लागलं होतं. तोवर मी घरी डबा ठेवून पाऊस मोजायला लागलो होतो. चार दिवसांत माझ्या डब्यात दोनशेच्या वर मिलिमीटर. आणि फाईल उघडली तर चारही दिवस शून्य! माझं डोकं सटकलं. पुन्हा तेच? धाकटीला हाक मारली. तिने मूळ पान जसंच्या तसं साठवून ठेवलं होतं म्हणून बरं. त्यात आमच्या मंडळाच्या ओळीत आकडाच नव्हता. नुसती एक आडवी रेघ. म्हणजे यंत्राकडून नोंद आलेली नाही.

मग शून्य कुठून आलं? ते आमच्या घरातून आलं. महिन्याची बेरीज नीट यावी म्हणून धाकटीने कोऱ्या जागी शून्य भरायची एक आज्ञा लिहिली होती. एका ओळीची. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या एका ओळीने चार दिवसांचा पाऊस पुसला. पोरगी रडवेली झाली. मी म्हटलं, "तू रडू नकोस. तू मला तीन वर्षांपूर्वीच्या शून्याचा अर्थ सांगितलास."

कारण तेव्हाही असंच झालं असू शकतं. मी छातीठोक म्हणत नाही. माझ्या त्या शून्याला तीन कारणं असू शकतात. एक, केंद्राजवळ खरंच पाऊस पडला नसेल, पाऊस आमच्याच पट्ट्यात पडला असेल. दोन, तारीख चुकली असेल, पाऊस बुधवारच्या ओळीत असेल. तीन, यंत्र बंद असेल आणि कोऱ्या रकान्याचं पुढे कुठल्या तरी तक्त्यात शून्य झालं असेल. पहिलं असेल तर माझी तक्रार नाही, दुसऱ्यात चूक माझी, तिसऱ्यात यंत्रणेची. पण कागदावरच्या त्या एका ० कडे बघून तिन्हीतलं कुठलं ते कळतच नाही. माझी तक्रार त्या शून्याची नाही. त्याच्या मुकेपणाची आहे.

पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन गोष्टी जमीन-अस्मानाएवढ्या वेगळ्या आहेत. दवाखान्यात ताप मोजलाच नाही तर पेशंटच्या कागदावर "ताप नाही" असं लिहाल का?

आणि गंमत बघा, शून्य न भरता जागा कोरी ठेवली तरी धोका संपत नाही. धाकटीने शोधून सांगितलं की पांडाज बेरीज करताना कोरे दिवस गुपचूप सोडून देतो. महिन्यात सहा दिवस नोंद नसली तरी बेरीज छान येते, फक्त ती पंचवीस दिवसांची असते. म्हणून आता आमच्या फाईलमध्ये बेरजेच्या शेजारी दुसरा रकाना असतो: किती दिवसांची नोंद आहे. जुलैची बेरीज "एकतीसपैकी सत्तावीस दिवसांची" असं लिहिलेलं असतं. हवामान खात्याच्या मोठ्या फाईलींत आणि अमेरिकेच्या नासाच्या शेतीसाठीच्या आकड्यांत नोंद नसेल तिथे उणे ९९९ लिहितात. विचित्र दिसतं, पण शहाणपणाचं आहे. उणे ९९९ मिलिमीटर पाऊस कोणी खरा मानणार नाही. शून्य मात्र सगळे खरं मानतात.

आता काही जण म्हणतील, काका, एवढा उपद्व्याप कशाला? मेघदूत ॲप आहे, मंगळवार-शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो. येतो, आणि मी तो वाचतोही. पण सल्ला उद्याचा असतो. मला कालचा हिशोब हवाय. उद्याच्या अंदाजावर फवारणी ठरते, नुकसानीचा कागद मात्र कालच्या आकड्यावर ठरतो.

जाणकार मंडळी म्हणतील, हवामान खात्याची चौकटीनिहाय पावसाची फाईल १९०१ पासूनची मिळते, आयएमडीलिब नावाचं पायथॉनचं साधन ती उतरवून देतं, मग खरवडायचं कशाला? बरोबर. जिथे तयार फाईल आहे तिथे खरवडू नये, फाईलच घ्यावी. लांबचा कल बघायला ती फाईल सोन्यासारखी आहे. पण तिची एक चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरची. एका चौकटीत कितीतरी गावं, नदीकाठ, डोंगर सगळं एकत्र. परत २००५ कडे बघा. सांताक्रूझला ९४४ पडला त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ च्या आसपास. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. दोघांची सरासरी काढून सांताक्रूझवाल्याच्या हातात दिली तर तो काय म्हणेल? शेताचं भांडण चौकटीवर सुटत नाही.

आणखी एक आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. खरवडलेला आकडा पुरावा नाही. माझ्या घरच्या लॅपटॉपमधली फाईल घेऊन गेलो तर साहेब म्हणतील, ही तुमची फाईल, हिच्यावर शिक्का कुठाय? बरोबर आहे त्यांचं. पण त्या फाईलमुळे मला कळतं की कुठल्या मंडळाची, कुठल्या तारखेची, कुठल्या वेळेपर्यंतची नोंद मागायची. "साहेब, बुधवारी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांची ओळ दाखवा, आणि तिथे शून्य आहे की नोंदच नाही ते लेखी द्या," असं मी म्हणू शकतो. तीन वर्षांपूर्वी मला हे वाक्य बोलता आलं असतं तर? पैसे मिळाले असते असं म्हणत नाही. पण निदान मान खाली घालून परत आलो नसतो.

गावातली पोरंपोरी हे करणार असतील तर चार गोष्टी पाळा.

एक. दिवसातून एकदाच पान मागवा. जोराच्या पावसात सगळा जिल्हा तेच पान उघडत असतो. दर मिनिटाला प्रोग्राम सोडून ते पान बंद पाडलं तर आपल्याच भावाचं नुकसान.

दोन. उघडं पान असेल तेवढंच घ्या. जिथे लॉगिन आहे, जिथे वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावतात, तिथे दार तोडून आत शिरू नका. वापराच्या अटी वाचा. घेतलेले आकडे विकू नका.

तीन. मूळ पान तारखेसह जसंच्या तसं साठवा. आकडे काढण्यात चूक झाली तर मागे जाऊन बघता येतं. आमची चूक त्यामुळेच सापडली.

चार. शून्य, कोरं आणि आपलीच राहिलेली नोंद, तिन्ही वेगळं लिहा. आमच्याकडे लाईट गेली की लॅपटॉप बंद. त्या दिवशी फाईलमध्ये "आमची नोंद राहिली" असं येतं. दुसऱ्याच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवायचं तर आपला कोरा रकाना लपवून चालणार नाही.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम, ज्याला कॉम्प्युटर लागत नाही. घरी पाऊस मोजा. सरळ भिंतीचा, वरखाली सारख्या तोंडाचा डबा घ्या. उघड्यावर, जमिनीपासून फूटभर वर, घट्ट बसवा. जवळचं झाड किंवा घर जेवढं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. सकाळी साडेआठला पट्टी बुडवा, मिलिमीटर वाचा, वहीत लिहा, डबा ओता. डब्याचं तोंड लहान असो की मोठं, भिंत सरळ असेल तर खोली तीच येते. पाऊस नसेल तर ० लिहा. गावाला गेला असाल तर "मोजला नाही" लिहा. तो दिवस कोरा सोडू नका, आणि शून्य तर लिहूच नका.

याचा शेतीला उपयोग विचाराल तर रोजचा आहे. युरिया कधी टाकायचा, ब्रिकेट खोचल्यावर किती पाणी बसलं, झिमझिम आणि दमट हवा सलग किती दिवस राहिली म्हणून करप्यावर नजर ठेवायची, भात काढल्यावर ओल किती उरली आणि वाल कधी टाकायचा. हे सगळं आमचे वडील नक्षत्रावर आणि मातीत पाय रोवून सांगायचे. ते चुकीचे नव्हते. पण कार्यालयात नक्षत्र चालत नाही, आकडा चालतो.

आता माझं मागणं. पहिलं, मंडळनिहाय पावसाची रोजची नोंद साध्या फाईलच्या रूपात, मागच्या सगळ्या तारखांसह, कोणालाही उतरवता येईल अशी ठेवावी. काही पानांवर मागची तारीख निवडता येते, काहींवर फक्त आजची. सगळीकडे सारखं का नाही? माहितीचा अधिकार कायदा २००५, त्याच्या कलम ४ मध्ये सरकारी कार्यालयांनी माहिती आपणहून जाहीर करावी असं आहे. २०१२ च्या राष्ट्रीय माहिती धोरणात सरकारी आकडे मशीनला वाचता येतील अशा रूपात द्यावेत असं आहे. म्हणजे मी नवीन काही मागत नाही. फाईल दिली तर आमच्या पोरीला खरवडावं लागणार नाही, आणि तुमच्या पानावरचा भारही कमी होईल.

दुसरं, नोंद आली नाही तिथे "नोंद नाही" असंच लिहावं. पुढच्या प्रत्येक तक्त्यात, प्रत्येक प्रिंटवर तेच राहावं. मध्ये कोणी बेरजेसाठी त्याचं शून्य करू नये. आणि ज्या दिवशी केंद्र बंद होतं त्या दिवसासाठी शेजारच्या केंद्राची नोंद आणि प्रत्यक्ष पाहणी धरावी. यंत्राच्या पन्हाळीत पाला अडकतो, कोळी जाळं करतो, बॅटरी उतरते. यंत्र आहे, बंद पडणारच. पण ते बंद पडल्याचा भुर्दंड शेतकऱ्याने का भरायचा?

तिसरं, प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंतचा ते मराठीत लिहावं. एक ओळ लागते.

केंद्राने २०२३ मध्ये विंड्स नावाची योजना आणली आहे. तालुका पातळीवर हवामान केंद्रं आणि ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक, असा तिचा हेतू आहे. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. पण यंत्रं वाढली म्हणजे कोरे रकानेही वाढणार. ते कसे लिहायचे हे आजच ठरलं नाही, तर मंडळाच्या शून्याऐवजी गावाचं शून्य हातात येईल, एवढाच फरक.

मी आता छप्पन्नचा. कॉम्प्युटर मला अजून चालवता येत नाही, पण धाकटीच्या फाईलमधली चूक मला सापडली, कारण डब्यात पाणी होतं आणि ते मी रोज सकाळी डोळ्यांनी बघत होतो. म्हणून सांगतो, प्रोग्राम पोरांना लिहू द्या, डबा आपण सांभाळू. दोन्ही असले तर कोणी आपल्याला मुकं शून्य दाखवून घरी पाठवू शकणार नाही.

आज सकाळी साडेआठला माझ्या डब्यात ३४ मिलिमीटर. धाकटीच्या फाईलमध्ये मंडळाचा आकडा २७. दोन्ही वहीत लिहिले. तुमच्याकडे किती ते कळवा. आणि मोजला नसेल तर "मोजला नाही" असं कळवा. लाजायचं कारण नाही. उद्यापासून मोजा.